बाबांची मारुती

सोमवार हा आम्हा धर्मगुरूंचा विसाव्याचा वार. माझ्याबरोबरीचे काही जण त्या दिवशी राहिलेले वाचन पुरे करतात, काही आपल्या घरी जाऊन भाच्या-पुतण्यांत रमतात, एकदोघांनी तर पन्नाशी ओलांडली तरी बॅडमिंटनचे मैदान सोडलेले नाही. २०२३ च्या जूनपासून पुढे वर्षभर माझे सोमवार मात्र सोपाऱ्याच्या एका लहानशा गॅरेजमध्ये गेले. मंगळवारी सकाळच्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद देताना नखांतले काळे कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून आदल्या रात्री मी आधी डिझेलने आणि मग लिंबाच्या सालीने हात घाशीत बसे. ‘फादरांना या वयात हे काय सुचले?’ असा प्रश्न धर्मग्रामातील लोकांनी आडवळणाने, आणि माझ्या तरुण सहायक धर्मगुरूने अगदी उघडपणे विचारला.

गाडी आमच्या वडिलांची. १९८९ साली ते मुंबईच्या गोदीतून निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या फंडाचा काही भाग घालून त्यांनी वांद्र्याच्या एका डॉक्टरांकडून ती घेतली. १९८५ सालची, फिकट निळ्या रंगाची, पहिल्या घडणीची मारुती ८००. आमच्या आळीत तोवर सायकली, बैलगाड्या आणि दोन मोटारसायकली यांपलीकडे वाहन नव्हते. केळीच्या बागेतून गाडी अंगणात आली त्या दिवशी आईने तिच्या चाकांवर तीर्थ शिंपडले आणि बाबांनी चाकांखाली दोन दगड लावून ठेवले; हँडब्रेकवर त्यांचा विश्वास बसायला पुढे वर्ष लागले.

या पहिल्या मारुतीला मारुती म्हणायचे ते नावापुरतेच. अंगोपांगाने ती जपानी. सुझुकी कंपनीने १९७९ साली जपानमध्ये आल्टो नावाची छोटी गाडी ४ लाख ७० हजार येन इतक्या अल्प किमतीत बाजारात आणली. तिचीच चार दारांची बहीण म्हणजे फ्रॉन्ते. या घडणीला कारखान्याच्या भाषेत एसएस ८० असे नाव होते. त्या काळच्या जपानी नियमांप्रमाणे छोट्या गाडीचे इंजिन ५५० घनसेंटिमीटरांहून मोठे असता कामा नये, म्हणून तिथे तिच्यात ५४३ चे इंजिन असे. आपल्याकडे आली ती त्याच सांगाड्यात ७९६ घनसेंटिमीटरांचे, तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊन. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली ठेवली, त्याआधीच लाखाहून अधिक लोक दहा-दहा हजार रुपये भरून नोंदणी करून बसले होते. आरंभी सुटे भाग पेट्यांत भरून जपानहून येत आणि गुडगावला जोडले जात. १९८६ मध्ये नव्या आकाराची मारुती आली, आणि आपण सर्वजण जिला मारुती म्हणून ओळखतो ती हीच. आमची त्याआधीची. मागच्या बाजूला तिला ट्रकसारखे पाटे आहेत, आणि खड्ड्यांतून जाताना ते आपली जात लपवीत नाहीत.

बाबा २०१२ साली देवाघरी गेले. त्यानंतर ती चिकूच्या झाडाखाली उभी राहिली ती अकरा वर्षे. प्रथम कोणीतरी महिन्यातून एकदा ती सुरू करी. मग बॅटरी उतरली, मग टायर बसले, मग कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटला. घरी माझी धाकटी बहीण एकटी राहते. भंगारवाला दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्या खेपेस त्याने सात हजार रुपये देऊ केले, हे तिने मला फोनवर सांगितले. कोणत्या आवेशात मी ‘नाही’ म्हटले, ते माझे मलाच कळले नाही.

२०२१ साली माझ्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली. महामारीच्या सावटात समारंभ झाला नाही, पण लोकांनी पाकिटे पाठवली. त्यातले पंच्याहत्तर हजार रुपये मी बाजूला ठेवले होते. धर्मग्रामाच्या पैशाला हात लावायचा प्रश्नच नव्हता आणि धर्मगुरूचे मानधन किती असते हे वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा गाडी व्हायची ती पंच्याहत्तर हजारांत. एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर मी तो आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

सोपाऱ्याचे मिस्त्री साठीचे. त्यांनी उमेदवारी केली तीच मारुतीच्या इंजिनांवर. त्यांनी बॉनेट उघडले, एक बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, “फादर, इंजिनाची चिंता करू नका. चिंता पत्र्याची करा.” हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवले. मारुतीचे हे इंजिन पुढे दशकानुदशके मारुतीत आणि ऑम्नीत बसत राहिले, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गास्केट यांपैकी काहीही नाक्यावरच्या दुकानात मिळते. पण या पहिल्या घडणीच्या गाड्या जेमतेम तीन वर्षे बनल्या. तिची जाळी, तिचे दिवे, तिच्या काचांची रबरे आज कोणीही बनवत नाही.

इंजिन जखडले होते. मिस्त्रींनी तिन्ही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि मला म्हणाले, “आता आठ दिवस घाई नको.” पुढच्या सोमवारी क्रँकच्या नटावर लांब पाना लावून त्यांनी तो इंचभर पुढे, इंचभर मागे असा हलवला. जोर लावायचा नाही, ते सांगत. रिंग तुटली तर सिलिंडर खरवडेल. तिसऱ्या सोमवारी एक बारीक ‘कट्’ असा आवाज झाला आणि क्रँक पूर्ण फिरला. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची तोंडी परीक्षा संपवून बाहेर पडल्यावर जे वाटले होते, त्याच्या जवळचे काहीतरी मला तेव्हा वाटले. हेड उतरवले तेव्हा सिलिंडरच्या भिंती चांगल्या निघाल्या. बोअरिंग करावे लागले असते तर माझ्या वहीतल्या रेघेचे काही खरे नव्हते. नव्या रिंगा, घासलेले व्हॉल्व्ह, नवे गास्केट आणि नवा बेल्ट एवढ्यावर भागले.

पेट्रोलच्या टाकीची कथा वेगळी. आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक आणि गंजाचा चुरा. टाकी उतरवून तिच्यात मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून आम्ही दोघांनी ती पाळण्यासारखी तासभर हलवली. कार्बुरेटरची छिद्रे केसाएवढ्या तारेने मोकळी केली. सगळे जुने रबरी पाइप मिस्त्रींनी काढून टाकायला लावले, आणि ते योग्यच झाले. आता सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि चाळीस वर्षांपूर्वीचे रबर ते सोसत नाही. आधी फुगते, मग चिरते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. ब्रेकच्या चारही चाकांतले सिलिंडर मात्र त्यांनी दुरुस्त न करता नवेच घातले. “पैसे वाचवायचे ते चालण्यात वाचवा, थांबण्यात नको,” हे त्यांचे म्हणणे.

आणि पत्रा! वसईची हवा खारी, त्यात झाडाखालचा पालापाचोळा अकरा पावसाळे भिजलेला. वरून रंग धड दिसे, पण गालिचा उचलला तेव्हा चालकाच्या पायाखालून गॅरेजची फरशी दिसली. दारांखालचे उंबरे बोट लावताच बिस्किटासारखे तुटले. बॅटरीची बैठक नव्हतीच, तिची आठवण होती. डेंटरने कुजलेला भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडला. गॅसचे वेल्डिंग स्वस्त पडले असते, पण त्याच्या उष्णतेने असला पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. बावीस हजार रुपये तिथे गेले. पुट्टी थापून वर रंग मारण्याची त्याची सूचना मी दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा, मागच्या एका चाकाच्या कमानीपुरती, मुकाट्याने मान्य केली.

आता माझ्या एका दुर्बलतेविषयी लिहिले पाहिजे. जसजशी गाडी उभी राहू लागली तसतसा मला ‘मूळ’ या शब्दाने झपाटले. बाबांच्या वेळी होती तशी, रेसभरही फरक नको. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मी चार वेळा गेलो. कॉलर झाकून, साधा शर्ट घालून गेलो, म्हणजे दुकानदार भाव वाढवणार नाहीत. तरी त्यांनी तो वाढवलाच. मागच्या उजव्या दिव्याच्या लाल काचेसाठी मी साडेतीन हजार मोजले. मिस्त्री म्हणत होते की प्लॅटिनम पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर काढून नंतरच्या मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक बसवू, पावसात त्रास देणार नाही. मी नको म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा विषय काढला नाही. त्यांना जे दिसत होते ते मला दिसत नव्हते.

२०२३ च्या नाताळानंतरच्या सोमवारी बहीण रिक्षाने गॅरेजमध्ये आली. तिच्याविषयी थोडे सांगतो. ती १९७१ ची. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. पोलिओचा डोस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आला तो १९७९ साली. सहा वर्षांचा तो काळ आमच्या घरात कधीकधी मोजला जाई. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा तिने वर्तमानपत्रातील ती बातमी कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. ती कॅलिपर घालते, आणि चालताना डाव्या हाताने गुडघा मागे दाबते. एका पतपेढीत तिने तीस वर्षे कॅशियरचे काम केले आहे.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मग दार उघडून चालकाच्या आसनावर बसली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाली, “दादा, हिला हाताचा क्लच बसवता येतो ना? पतपेढीत एक गृहस्थ येतात, त्यांच्या गाडीला आहे. मला शिकायची आहे.”

मी जे उत्तर दिले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी म्हणालो, “बाय, मग गाडी मूळ रूपात राहणार नाही.”

“मूळ रूपात मी मागे बसत होते, दादा.”

हे तिने रागाने म्हटले नाही. खिडकीची काच खालीवर करून पाहत, हिशेबातली चूक दाखवावी तसे म्हटले. मिस्त्री पाने पुसत होते, ते पुसतच राहिले.

१९९० च्या मे महिन्यात बाबांनी मला भुईगावच्या किनाऱ्यावर गाडी शिकवली. मी सेमिनरीतून सुटीवर आलो होतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू, सुरूची झाडे, आणि बाबा शेजारी बसून माझ्या प्रत्येक धक्क्याला डॅशबोर्ड धरत होते. ती रोज आमच्याबरोबर येई. मागच्या सीटवर कॅलिपर आडवा टाकून बसे आणि मी गिअर चुकलो की खळखळून हसे. एकदा तिने विचारले होते, मी? बाबा म्हणाले, “तुझ्याने क्लच दाबला जायचा नाही, पोरी.” त्यात त्यांची माया होती, हे मला माहीत आहे. पण त्यावर कोणी काही पुढे विचारले नाही. मी विचारले नाही. तेहतीस वर्षे विचारले नाही, आणि आता जीर्णोद्धार करायला निघालो होतो तो त्याच आसनव्यवस्थेचा.

बरे, ‘मूळ’ तरी काय? ५४३ च्या जागी ७९६ चे इंजिन बसवून, दुसऱ्या देशाचे नाव लावून जी गाडी आमच्या अंगणात आली, तीच मुळात फेरफार केलेली होती. कुर्ल्याहून आणलेली ती लाल काच माझ्या खोलीत कागदात गुंडाळलेली होती. त्या रात्री मी ती उघडून पाहिली आणि परत गुंडाळून ठेवली.

हाताचा क्लच ही काही अवघड विद्या नाही, असे मिस्त्री म्हणाले, आणि तीन सोमवार खर्ची पडले. आपल्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला असतो. म्हणजे क्लच आणि गिअर हे दोन्ही त्याच एका हाताने व्हायला हवे; म्हणून क्लचची मूठ गिअरच्या दांडीवरच बसवावी लागते. मुठीपासून केबल खाली येते, फरशीवरच्या पुलीवरून वळते आणि क्लचचे पेडल ओढते. पेडल जागेवरच राहते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला पायानेही गाडी चालवता येते. प्रथम त्यांनी मोटारसायकलच्या क्लचची मूठ लावली. ती दाबायला सोपी, पण तिने पेडल पुरते खाली जाईना आणि गिअर घालताना दातांचा आवाज येई. ताकद वाचवायची तर हाताला अंतर जास्त कापावे लागते, अंतर वाचवायचे तर ताकद जास्त. यातून सुटका नाही. मग त्यांनी लोखंडी पट्टीची वीतभर लांब मूठ घडवली, तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि पुली मागे सरकवली. गिअरबरोबर केबल हलते, म्हणून तिला ऐसपैस वळण दिले. कॅलिपरचा बूट पेडलखाली अडकू नये म्हणून पत्र्याची आडकाठी लावली. आसनाचे रूळ चार बोटे मागे नेले.

मी बसून पाहिले. तीन वेळा मूठ आवळली आणि चौथ्या वेळी बोटांत गोळे आले. मी उतरलो आणि मिस्त्रींना म्हणालो, “हे चालायचे नाही. एवढी ताकद तिला कुठून येणार?”

ती बसली. डाव्या हाताने मूठ धरली आणि शेवटपर्यंत आवळली. सोडली. पुन्हा आवळली. दहा-बारा वेळा. चेहऱ्यावर काही नाही. मग मला उमगले की पन्नास वर्षे, दिवसातून हजारदा, हाच हात तिचा गुडघा मागे दाबीत आला आहे. त्या पंजात किती बळ आहे हे तिच्या सख्ख्या भावाला ठाऊक नव्हते.

पुढचे काम कागदांचे. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे; मात्र अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, परवानगी घेतली म्हणजे झाले. मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत; २०१९ च्या दुरुस्तीने ते नाव बदलले. हे मी बहिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली की पतपेढीत इनव्हॅलिड म्हणजे रद्द झालेला चेक. गाडीची नोंदणीही केव्हाच संपली होती. जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले होते. शिवाय विलंबाचा दंड, शिवाय पर्यावरण कर. गाडी माझ्या नावावर करून घ्यावी असे मी मनाशी धरले होते. वारसांच्या ना-हरकतपत्रावर मी सही केली आणि ती तिच्या नावावर झाली. एव्हाना वहीतली रेघ ओलांडून तेवीस हजार रुपये झाले होते. ते तिने दिले, आणि मी घेतले. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरही बसला. तिने मिस्त्रींना विचारले, पावसात कोणता बरा, आणि त्यांनी खरे ते सांगितले.

तिला शिकवायला मी बसलो तो भुईगावलाच. वाळू तितकी घट्ट राहिलेली नाही, आणि रविवारी तिथे इतकी गर्दी असते की सोमवारी पहाटे जावे लागे. पहिल्या दिवशी गाडी सतरा वेळा बंद पडली. मूठ सोडायची कशी, हे पायाने क्लच चालवणाऱ्याने शिकवणे कठीण. मी म्हणे हळू, ती म्हणे हळू म्हणजे किती? शेवटी तिनेच तोड काढली: मूठ सोडताना ती नोटा मोजल्यासारखे आकडे मोजू लागली, आणि पाचावर गाडी पुढे सरके. मी डॅशबोर्ड धरून बसलो होतो, हे मला ती हसली तेव्हा समजले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला परवाना मिळाला. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः मूठ आवळून पाहिली आणि हात झटकला, असे ती सांगते.

आता ती पतपेढीत गाडीने जाते. मला घेण्यासाठी कधी धर्मग्रामात येते, तेव्हा दूरवरून पाट्यांचा करकराट ऐकू येतो आणि आमचा कुत्रा उठून फाटकाशी जातो. गेल्या पावसाळ्यात फाटकावर, म्हणजे रेल्वेच्या, गाडी बंद पडली. तिने फोन केला तो मिस्त्रींना, मला नव्हे. खर्चाची वही तिने माझ्याकडून मागून नेली आहे. परवा घरी गेलो असता ती टेबलावर दिसली म्हणून चाळली. शेवटची नोंद तिच्या बारीक, सरळ अक्षरात होती: डावा आरसा, काच नवी, १८० रुपये. कुठे फोडला ते लिहिलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.